टेप कुठून धरायचा?

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तळ्याकाठच्या बांधकामाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला तो एकाच प्रश्नावर येऊन आदळतो: माणसाला घर हवं की सारसाला तळं? ग्रामसभेत हेच, टपरीवर हेच, लग्नाच्या पंगतीतही हेच. एकीकडे नागपूरहून दुर्बिणी घेऊन आलेले पक्षिमित्र, दुसरीकडे घरकुलाची यादी लागल्यापासून झोप उडालेला माणूस. दोघेही तावातावाने बोलतात, आणि जिथे खरी गोम आहे तिथे दोघांपैकी कोणीच बोट ठेवत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. तळ्याला लागून बांधकामाला बंदी हवीच, आणि ती कडक हवी. पण ती जमिनीवर आखलेल्या रेषेच्या आत हवी. रेषेबाहेरच्या माणसाला परवाना आठवड्याभरात मिळाला पाहिजे. ही रेषा आखायचं काम अर्जदाराचं नाही, सरकारचं आणि ग्रामसभेचं आहे. आज रेषाच नाही, त्यामुळे परवाना दिला काय आणि नाकारला काय, दोन्ही साहेबांच्या मर्जीवर.

नियम वाचायला स्वच्छ आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनुसार, गेल्या दहा वर्षांत दिसलेल्या पूरपातळीची सरासरी काढायची आणि तिथून ५० मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कोणतंही पक्कं बांधकाम करायचं नाही. २०१० च्या नियमांतही हेच होतं. आता सांगा, ही सरासरी पूरपातळी तुमच्या गावात कुठे लिहून ठेवली आहे? सातबाऱ्यावर नाही, आठ-अ वर नाही, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही नाही. देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०११ मध्ये काढला. त्यातल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ जागांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिलं. काम मोठं आहे, त्याला नाव ठेवायचं नाही. पण तो नकाशा एकास पन्नास हजार या प्रमाणाचा आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. ज्या पट्ट्यात घर बांधायचं की नाही हे ठरवायचं, तो अख्खा पट्टा या नकाशावर पेन्सिलीच्या एका रेघेखाली झाकला जातो. त्या रेघेवरून कोणाचं घर अडवणार आणि कोणाचं सोडणार?

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या एका शेतकऱ्यासोबत मोजणीला उभा होतो. त्याची जागा तीन आर, दहा मीटर रुंद आणि तीस मीटर लांब, एक टोक तळ्याकडे, दुसरं रस्त्याकडे. रस्त्याच्या बाजूला गोठा, म्हणून घर तळ्याच्या बाजूला धरलेलं. मे महिना. तळ्यात मधोमध तेवढं हिरवं पाणी, बाकी भेगाळलेला गाळ आणि त्यावर चरणाऱ्या म्हशी. मोजायला आलेल्या माणसाने टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "पाण्याजवळ धरा." मी गाळ तुडवत पाण्यापर्यंत गेलो. अंतर दीडशे मीटरच्या वर भरलं. तो समाधानाने लिहायला लागला. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, बसलेला म्हातारा ढिवर (आमच्याकडचा मासेमार) हे सगळं बघत होता. तो उठून आला आणि बेशरमाच्या झुडपापाशी थांबला. त्या फांद्यांवर गुडघ्याच्या उंचीला वाळलेलं शेवाळ आणि कुजक्या गवताच्या झिंज्या लोंबत होत्या. म्हणाला, "बाबू, आजचं पानी नोको पाहू. पानी तं येथवरी येते." टेप तिथून धरला तर घराची आखलेली भिंत ३८ मीटरवर आली. त्याच तीन आरात, त्याच टेपने. फरक पडला तो टेप कुठून धरला याचा.

परवाना देणारा टेप पाण्यापासून धरतो, नाकारणारा तो पाळीपासून धरतो, आणि ज्याचं कोणीतरी ओळखीचं असतं त्याच्यासाठी टेप निघतच नाही.

घरवाल्यांची बाजू हलकी नाही, हे पहिल्यांदा मान्य करू. गावठाणं भरून गेली आहेत. एका अंगणात तीन भावांच्या तीन चुली पेटतात. घरकुल मंजूर होतं पण जागा नसते. जागा असते ती वडिलोपार्जित धानाच्या बांधीची, आणि आमच्याकडे बांधी म्हटली की वर कुठेतरी तळं असतंच. सातबारा त्याच्या नावावर, शेतसारा त्याने भरलेला, आणि तरी तलाठ्याकडून ग्रामसेवकाकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे, तहसिलीत, लघुसिंचनाच्या ना हरकतीसाठी जिल्ह्याच्या गावी आणि जंगल जवळ असलं तर वन विभागाकडे, अशी त्याची वारी चालते. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, फेऱ्या तेवढ्याच राहिल्या.) याच काळात अभयारण्याच्या वाटेवर कोणाचं तरी फार्महाऊस उभं राहतं, त्याला कुंपण होतं, कुंपणाच्या आत तळ्याचा एक कोपराही येतो, आणि तो माणूस कुठल्याच रांगेत दिसत नाही. जो अर्ज करतो त्यालाच कायदा लागतो आणि जो करत नाही तो सुटतो, ही गावातली भावना अनुभवातून आलेली आहे. तिला "पर्यावरणविरोधी" म्हणून झटकणाऱ्याने एकदा तरी तहसिलीच्या व्हरांड्यात दुपार काढावी.

त्यांचा दुसरा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. आमची तळी निसर्गाने दिलेली नाहीत, माणसांनी बांधली. लोणारचं सरोवर वेगळं. ते उल्कापाताने झालं, २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, त्याच्या काठाला हात लावू नका हे पटतं. पण शेतीसाठी घातलेल्या पाळीमागचं पाणी "पाणथळ" कसं? कायदाही इथे त्यांच्याच बाजूने झुकला आहे. २०१० च्या व्याख्येत माणसाने केलेले तलावही होते. २०१७ मध्ये सिंचनासाठी बांधलेली जलाशयं व्याख्येतून वगळली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले सात हजारांच्या घरातले मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांकडचे तलाव, या एका शब्दामुळे दारात उभे राहिले, ना आत ना बाहेर. नकाशात आहेत, न्यायालयाच्या आदेशाच्या छायेत आहेत, पण नियमाच्या व्याख्येत बसत नाहीत.

मला ही पळवाट मान्य नाही, आणि त्याचं कारण सारस हे नाही. तळं माणसाने बांधलं, म्हणून त्याच्यावर माणसाचा हक्क कमी होतो की वाढतो? नवेगावबांधचा तलाव कोलू पटेल कोहळीने बांधला अशी परंपरा आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी, जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा व्यवहार ठेवला होता असं जुने लोक सांगतात. म्हणजे इथे जमिनीची मालकीच मुळात पाण्यातून निघाली. आधी तळं, मग सातबारा. कोहळी समाजातल्या लोकांनी पाळ कुठे घालायची, सांडवा किती उंचीवर काढायचा, शेताला पाणी सोडायचं तुडूम कुठे बसवायचं हे ठरवलं तेव्हा त्यांनी तळ्याची हद्दसुद्धा ठरवली. सांडव्याच्या माथ्यावर पाणी आलं की तळं भरलं. त्या पातळीवर जिथे जिथे पाणी टेकतं ती तळ्याची कड. जे मुद्दाम बांधलं त्याची कड निसर्गातल्या डबक्यापेक्षा नेमकी असते. म्हणून माणसाने बांधलेल्या तळ्याची रेषा आखणं जास्त सोपं आहे, आणि ती न आखण्याला सबब कमी आहे.

"चार महिने तर पाणी असतं," हे तिसरं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर पाठ झालं आहे. तळ्याचा जो भाग जानेवारीत उघडा पडतो तो रिकामा नसतो. तिथे गाळपेर होते, म्हशी चरतात. पावसाळ्यात त्याच उथळ, गवताळ पाण्यात मासे अंडी घालतात. खोल पाण्यात जाळं टाकणाऱ्या ढिवराचं पीक या काठावर उगवतं. सारसही घरटं बांधतो ते अशाच गुडघाभर पाण्यात किंवा धानाच्या बांधीत, आणि महाराष्ट्रात तो आता जवळपास गोंदिया जिल्ह्यापुरता उरला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२१ मध्ये स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. पण सारस बाजूला ठेवा. धानाचंच बघू.

तळ्याच्या पोटात घर बांधलं की काय होतं, हे घर बांधताना दिसत नाही. पहिली तीन वर्षं पाऊस बेताचा होतो, घर कोरडं राहतं, आणि विरोध करणारे खोटे पडतात. चौथ्या वर्षी ऑगस्टमध्ये तळं भरतं. पाणी ओट्याला लागतं, शौचालयाचा खड्डा उलटतो, पोरं आजारी पडतात. आता त्या घरच्या माणसाने काय करावं? तो सरपंचाकडे जातो, सांडवा खाली करा म्हणतो. कोणी ऐकलं नाही तर एका रात्री सब्बल घेऊन स्वतःच सांडव्याच्या माथ्यावरचे चार दगड काढतो. मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या खाटेखाली पाणी आहे. पण सांडवा हातभर खाली गेला की तळ्याच्या पसरट पोटातलं वरचं सगळं पाणी गेलं, आणि तळ्यात साठा असतो तो वरच्याच थरात. मग दसऱ्याच्या सुमाराला भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान गर्भात येतो, पाऊस थांबलेला असतो, एक पाणी मिळालं तर लोंबी भरते आणि नाही मिळालं तर पोचट राहते. तुडूम उघडायला जातात तर खाली पाणीच नाही. एका घराची किंमत पाळीखालचे पन्नास शेतकरी मोजतात, आणि त्यांच्यातल्या कोणालाही परवाना देताना विचारलेलं नसतं. जमीन माझी आहे, मी काहीही बांधीन, या म्हणण्याला इथेच उत्तर आहे. जमीन तुझी, पण तिच्यावर दरवर्षी येणारं पाणी तुझं एकट्याचं नाही.

नागपूरकरांनी हे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, भोसल्यांच्या काळापासूनचा अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. सांडव्यासमोरच्या स्मारकाने पाणी अडलं का, यावर पुढे उच्च न्यायालयात बरीच चर्चा झाली. शहरात कोट्यवधींचं नुकसान होतं म्हणून चर्चा तरी होते. आमच्याकडे सांडव्यासमोर कोणी गोदाम बांधलं तर ओरडणारं कोण?

तळ्यातलं बांधकाम झालं ते झालं, दंड घ्या आणि नियमित करा, ही आपल्याकडची लाडकी तडजोड. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यात भराव टाकून घरं बांधली गेली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात न्यायालयाने नियमित करायला साफ नकार दिला. गावाची सामाईक जागा पैसे भरून खाजगी होत नाही, असा त्याचा रोख होता. मला तो निकाल बरोबर वाटतो. पण निकाल लागेपर्यंत तिथे घरं उभी होती, माणसं राहत होती. बांधल्यावर पाडण्यापेक्षा बांधण्याआधी खुंटी ठोकणं स्वस्त नाही का?

आता पक्षिमित्रांकडे वळतो, कारण त्यांचंही सगळं मला पटत नाही. सरसकट बंदी घाला, तळ्याच्या अर्ध्या किलोमीटरात वीटही नको, ही मागणी शहरात बसून गोड वाटते. आमच्या कित्येक गावांत तळ्यापासून अर्धा किलोमीटर म्हणजे अख्खं गाव, शाळा आणि मारुतीच्या देवळासकट. अशी बंदी पाळली जात नाही. बंदी आली की अर्ज थांबतात, बांधकाम थांबत नाही. ते रात्री होतं, स्लॅब पडला की दिवा लावून वास्तुशांत होते. उशीर लावून तळं वाचतं हाही एक भ्रम आहे. १९६६ च्या महसूल संहितेत कलम ४४ लिहिताना, अकृषक परवानगीच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, अशी सोय ठेवली होती. फाइल दाबून ठेवणारा कारकून स्वतःला कडक समजत असेल. कायद्याच्या हिशोबात तो मान डोलावत असतो. शिवाय गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनी अकृषक धरण्याची तरतूद नंतर कलम ४२-ड ने आली. गावाला ती सोयीची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ज्या गावाची पाळच गावठाणाला टेकलेली आहे तिथे ते २०० मीटर तळ्याच्या पोटात शिरतात, आणि एका कायद्याने मोकळं केलेलं दुसऱ्याने बांधून टाकलेलं, अशी गाठ पडते. ती सोडवणार कोण? पुन्हा तोच टेपवाला.

विदर्भाला हे काम नवीन नाही. मालगुजारीच्या काळात जमीनमोजणीचा आणि साऱ्याचा बंदोबस्त झाला तेव्हा गावोगावच्या रूढी वाजिब-उल-अर्ज नावाच्या नोंदीत लिहिल्या गेल्या: पाणी कोणी आधी घ्यायचं, मासे कोणी धरायचे, गुरांची वाट कुठून. निस्तारपत्रकात गावाचे जंगल-चराईचे हक्क आले. महसूल संहितेत आजही कलम १६१ आणि १६५ ही दोन्ही नावं जपून आहेत, आणि ती खास विदर्भासाठी आहेत. परकीय सरकारच्या कारकुनाने गावात बसून, म्हाताऱ्यांना विचारून हे लिहून घेतलं. मालगुजारी मात्र १९५० च्या कायद्याने गेली, आणि ती गेली हे उत्तमच झालं, त्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. पण तलाव सरकारजमा झाले आणि तलावाचं पाणी वाटून देणारा पाणकर निघून गेला. पाळीवर कोणी फिरेना, सांडव्यावर कोणी बसेना, काठाची खबर कोणालाच राहिना. मालक बदलला तेव्हा ताबापावती झाली असेल, हद्दीची आठवण काही हस्तांतरित झाली नाही. ती म्हाताऱ्या ढिवरांच्या डोक्यात राहिली आणि त्यांच्याबरोबर चालली आहे.

रेषा आखायला काय लागतं? सांडवा शाबूत असेल तर त्याच्या माथ्याची पातळी, वर हातभर उसळी, लेव्हलचं यंत्र, दोन माणसं आणि गावातले तीन-चार म्हातारे. लहान तळ्याला एक दिवस पुरे, मोठ्याला आठवडा. मग दर पन्नास पावलांवर दगड, आणि काठच्या प्रत्येक सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ. सांडवा फुटलेला असेल, गाळाने तळं उथळ झालेलं असेल, तिथे काम अवघड जाईल, वादही होतील. होऊ द्या, आज ते वाद घर बांधून झाल्यावर होतात. ज्याची सगळीच जागा रेषेच्या आत आली, त्याला दुसरीकडे जागा द्यायची जबाबदारी गावाने घ्यावी. घरकुलासाठी जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने राज्याची योजना आहे, ती ज्याच्याकडे जागा नाही त्याच्यासाठी. तळ्याच्या पोटात तीन आर असलेल्या माणसाकडे जागा आहे असं म्हणायचं की नाही? मी म्हणेन, नाही. आणि फार्महाऊसला तोच दगड, तेच ५० मीटर. तिथे टेप आखूड पडायला लागला तर या लेखातलं सगळं मी मागे घ्यायला तयार आहे, कारण मग गरिबाला नियम सांगायचा अधिकार कोणालाच उरत नाही.

शेजाऱ्याचं पुढे काय झालं ते सांगतो. त्या दिवशी म्हाताऱ्याने दाखवलेल्या जागी आम्ही बांबूची खुंटी ठोकली. संध्याकाळी त्याच्या बायकोने कागदावर घर आणि गोठा यांची अदलाबदल केली. कुडाचा गोठा तळ्याच्या अंगाला, घर रस्त्याच्या अंगाला. खुंटीपासून घराची भिंत ५४ मीटरवर गेली. गोठा हलवायला दोन दिवस आणि एक भांडण लागलं, म्हैस नव्या दावणीला उभी राहिना. नवा नकाशा जोडून त्याने अर्ज पुन्हा दिला. ऑगस्टमध्ये तळं भरलं तेव्हा आम्ही बघायला गेलो. पाणी खुंटीच्या वीतभर अलीकडे थांबलं होतं. दिवाळीनंतर अर्ज परत आला, शेरा होता: "तलावाच्या निश्चित हद्दीपासूनचे अंतर नमूद करावे." हद्द कोणी निश्चित केली, असं त्याने खिडकीत विचारलं. आतल्याने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, ते तुम्हीच लिहा. त्याने लिहिलं, खुंटीपासून ५४ मीटर. अर्ज अजून तिथेच आहे.